धर्माची व्याख्या आणि नाशिकचा पुरावा

धर्माचा अभ्यास करावयाचा तर धर्म म्हणजे काय हे आधी ठरविले पाहिजे, ही अपेक्षा वरवर पाहता रास्त दिसते. परंतु गेल्या शंभर-दीडशे वर्षांत ह्या विषयावर जे लेखन झाले त्यात ह्या पहिल्या पायरीवरच बहुतेकांची पावले अडखळलेली आढळतात. टायलरने १८७१ साली अदृश्य सत्त्वांवरील श्रद्धा म्हणजे धर्म असे म्हटले. द्युरखेम ह्याने १९१२ साली श्रद्धेवरचा भर काढून तो पवित्र व अपवित्र ह्या भेदावर आणि त्या भेदाने बांधल्या गेलेल्या समाजावर दिला. त्याच वर्षी ल्यूबा ह्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात निरनिराळ्या पंडितांच्या अठ्ठेचाळीस व्याख्या एकत्र केल्या; त्या एकापुढे एक वाचल्या असता व्याख्येचा हव्यास किती निष्फळ ठरू शकतो ह्याचीच प्रचीती येते. मॅक्स वेबर अधिक सावध होता. व्याख्या करावयाचीच झाली तर ती अभ्यासाच्या शेवटी करता येईल, आरंभी नव्हे, असे सांगून तो पुढे गेला.

हा वाद केवळ शब्दांच्या काथ्याकुटाने सुटण्यासारखा नाही. एखाद्या व्याख्येची खरी कसोटी अशी की, ती एखाद्या प्रदेशातील दीर्घकालीन पुराव्यास लावून पाहिली असता त्या पुराव्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो की उलट झाकला जातो. ह्या दृष्टीने नाशिक व त्याचा परिसर फार सोयीचा आहे. त्रिरश्मी डोंगरावरील कोरीव लेख, पंचवटीतील काळाराम मंदिर, जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्टीतील आदिवासींचे देव, आणि १९३५ साली येवल्यास झालेली घोषणा ह्या सर्व गोष्टी एकाच जिल्ह्याच्या सीमेत येतात. आणि ह्यांपैकी प्रत्येक ठिकाणी धर्म ह्या शब्दाचा अर्थ निराळा निघतो.

प्रथम लेण्यांकडे वळावे. नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या ज्या लेण्यांस लोक पांडवलेणी म्हणतात, त्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. हा दीनीकाचा पुत्र, क्षहरात क्षत्रप नहपानाचा जामात आणि जातीने शक होता. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील हे लेख भगवानलाल इंद्रजी, सेनार्त प्रभृती विद्वानांनी वाचले व प्रसिद्ध केले. त्यामुळे त्यांचा मजकूर अभ्यासकांस परिचित आहे. तथापि त्यातील दानांची यादी पुन्हा एकवार सावकाश वाचण्यासारखी आहे. उषवदाताने तीन लक्ष गाई दिल्या. देवांना व ब्राह्मणांना सोळा गावे दिली. वर्षभर एक लक्ष ब्राह्मणांस भोजन घातले. प्रभासतीर्थी ब्राह्मणांचे विवाह आपल्या खर्चाने लावून दिले. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे चौकोनी धर्मशाळा बांधल्या. तापी, दमण, पारदा इत्यादी नद्यांवर विनामूल्य तरी ठेवल्या. चरकांच्या परिषदांना नारळीची बत्तीस हजार झाडे दिली. पुढे पुष्करास जाऊन त्याने स्नान केले व तेथे तीन हजार गाई आणि एक गाव दिले. आणि हाच मनुष्य गोवर्धनातील त्रिरश्मी पर्वतावर लेणे व पाण्याच्या टाक्या खोदवून त्या भिक्षूंना देतो. त्या भिक्षूंच्या अन्नाची सोय व्हावी म्हणून अश्विभूती नावाच्या एका ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांस शेत विकत घेतो.

दुसऱ्या एका लेखात ह्या व्यवस्थेचा हिशेबच दिला आहे. चातुर्दिश संघासाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी ठेवलेली आहे. पैकी दोन हजार एका कोलिक निकायाकडे, म्हणजे विणकरांच्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक ह्या व्याजाने, आणि एक हजार दुसऱ्या विणकर-श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण ह्या व्याजाने ठेवले होते. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. मोठ्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणांप्रमाणे चीवरांसाठी द्यावयाचे. दोन हजारांचे दरमहा शेकडा एक ह्या दराने वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा दिले असता तेवढेच होतात. हिशेब चोख आहे. हे सर्व निगमसभेत वाचून दाखवून दप्तरात नोंदविले, असेही लेख सांगतो.

आता ह्या मनुष्याचा धर्म कोणता, असा प्रश्न विचारावा. अनेक इतिहासग्रंथांत ह्याचे उत्तर एका ठराविक वाक्याने दिले जाते: उषवदात ब्राह्मणधर्मी असूनही बौद्धांविषयी उदार होता. ह्या वाक्यातील 'असूनही' हे अव्यय लेखात कोठेच नाही. ते इतिहासकाराने आपल्या पदरचे घातले आहे. लेखात गाई, तरी, धर्मशाळा, ब्राह्मणभोजन, नारळीची झाडे व लेणे ही सर्व दाने एकाच ओघात येतात, आणि लेणे देताना तो स्वतःस धर्मात्मा म्हणवितो. एका बाजूकडून दुसरीकडे जाताना काही उंबरठा ओलांडल्याची जाणीव त्या मजकुरात दिसत नाही. टायलरची व्याख्या येथे उपयोगी पडत नाही, कारण उषवदाताची श्रद्धा कोणत्या सत्त्वावर होती ह्याविषयी लेख जवळजवळ मूक आहे. द्युरखेमची व्याख्या अधिक दूर जाते, पण तीही पुरत नाही. पवित्र वस्तूंभोवती जमलेला एक नैतिक समाज असे म्हणावे, तर उषवदात अशा कोणत्या एका समाजाचा घटक होता? ब्राह्मण, चरक, भिक्षू, तीर्थयात्री आणि नदी ओलांडणारा वाटसरू ह्या सर्वांना तो सारखाच बांधलेला दिसतो.

येथे एक भेद मात्र लक्षात ठेवला पाहिजे, नाही तर प्राचीन काळी धर्माधर्मांत सीमाच नव्हत्या अशा सोयीस्कर समजुतीकडे घसरण होते. सीमा होत्या. संघ ही काटेकोर संस्था होती. तिच्यात प्रवेश करण्याचे विधी, नियम व बहिष्काराचे प्रकार विनयात ठरलेले होते. संघांतर्गत निकायांचे भेदही देणगीदारांस ठाऊक होते. पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी गौतमी बलश्रीने तिसऱ्या क्रमांकाचे लेणे दिले ते सरसकट भिक्षूंना नव्हे, तर भद्रायणीय निकायाच्या भिक्षूंना. म्हणजे भिक्षू अमुक संघाचा, ब्राह्मण अमुक शाखेचा, हे स्पष्ट होते. सदस्यत्व ही कल्पना संन्यस्तांना व पुरोहितांना लागू होती. दात्याला ती लागू नव्हती. आधुनिक व्याख्यांचा घोटाळा असा की, त्या जे सदस्यत्व मठातील मनुष्यास होते ते बाजारातील व राजवाड्यातील मनुष्यासही असले पाहिजे असे गृहीत धरतात.

बलश्रीचा लेख ह्या दृष्टीने अधिकच बोलका आहे. त्यात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी ह्यास 'एकबम्हण' म्हटले आहे, त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला म्हणून त्याची स्तुती केली आहे, राम, केशव, अर्जुन व भीमसेन ह्यांच्याशी त्याची तुलना केली आहे. आणि ही सर्व स्तुती बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर कोरलेली आहे. वर्णव्यवस्थेचे रक्षण हे राजाचे कर्तव्य आणि संघास दान हे राजमातेचे पुण्य. आजच्या भाषेत पहिल्यास समाजव्यवस्था किंवा कायदा म्हणावे लागेल व दुसऱ्यास धर्म. तत्कालीन भाषेत दोन्हीही धर्मच होत. भारतरत्न म. म. पां. वा. काणे ह्यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९३० साली निघालेल्या पहिल्या खंडाचा आरंभच धर्म ह्या शब्दाच्या अर्थविस्ताराच्या विवेचनाने केला आहे, तो उगाच नव्हे.

ह्यावरून काही अलीकडचे पाश्चात्त्य अभ्यासक ज्या टोकास जातात तेथवर मात्र जाता येत नाही. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ ह्याने १९६२ साली असे प्रतिपादन केले की, धर्म ही बंदिस्त व अनेकवचनी वस्तू ही युरोपच्या अर्वाचीन इतिहासाची निपज असून हा शब्दच टाकून द्यावा. तलाल असद ह्याने १९९३ साली आणखी पुढे जाऊन धर्माची सार्वत्रिक व्याख्या शक्यच नाही, कारण व्याख्या करण्याची क्रिया हीच इतिहासातील सत्तासंबंधांतून घडते, असे म्हटले. ह्यात तथ्य पुष्कळ आहे. मराठीपुरते पाहिले तर 'हिंदुधर्म', 'ख्रिस्ती धर्म' अशी समोरासमोर उभी केलेली नावे एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांच्या व त्यांना उत्तरे देणाऱ्यांच्या वादांत घट्ट झाली. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी ह्यांनी मिशनऱ्यांशी जे वाद केले त्यांत धर्म ही तुलना करण्याची व जिंकण्याची वस्तू झालेली दिसते. महात्मा फुले ह्यांनीही आपल्या अखेरच्या ग्रंथास, जो त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाला, 'सार्वजनिक सत्यधर्म' हे नाव देताना त्याच नव्या अर्थाचा उपयोग प्रचलित धर्माविरुद्ध केला. पण सोळाव्या शतकात एकनाथांनी हिंदू व तुर्क ह्यांचा संवाद रचला होता, हे विसरता येत नाही. परस्परांच्या आचारांवर बोट ठेवणारे दोन पक्ष तेथे इंग्रजी अमलाच्या पुष्कळ आधी उभे आहेत. तेव्हा ही कल्पना सर्वस्वी परकी, असे म्हणणे मराठी वाङ्मयाच्या पुराव्यास सोडून होईल.

वसाहतकाळाने जी नवी गोष्ट आणली ती म्हणजे रकाना. शिरगणतीच्या तक्त्यात प्रत्येक मनुष्यास एक व एकच धर्म असावा लागतो. नाशिक जिल्ह्याच्या पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी ह्या भागांत कोकणा, महादेव कोळी, वारली व भिल्ल लोकांची मोठी वस्ती आहे. डोंगरदेव, वाघदेव, कणसरी ह्यांची पूजा त्यांच्यांत चालते. मार्गशीर्षात डोंगरदेवाचे व्रत होते. आणि तेच लोक वणीच्या सप्तशृंगीसही जातात. ह्या लोकांना कोणत्या रकान्यात घालावे? १९०१ व १९११ च्या शिरगणतींत त्यांच्यासारख्यांसाठी 'अ‍ॅनिमिस्ट' हा वर्ग होता, म्हणजे टायलरच्या पुस्तकातील कल्पना सरकारी तक्त्यात येऊन बसली होती. १९३१ साली हटन ह्याच्या देखरेखीखाली 'टोळ्यांचे धर्म' असे नाव आले. १९४३ साली डॉ. गो. स. घुर्ये ह्यांनी हा भेदच नाकारून आदिवासी हे मागासलेले हिंदू होत असे प्रतिपादिले. घुर्ये ह्यांनी अधिकाऱ्यांच्या वर्गीकरणावर घेतलेले आक्षेप बिनतोड आहेत. परंतु त्यांचे स्वतःचे उत्तरही एक रकाना पुसून दुसऱ्यात नाव घालण्यापलीकडे जात नाही. डोंगरदेवाच्या व्रतास बसलेला मनुष्य सप्तशृंगीच्या गडावर गेला म्हणजे धर्म बदलतो, असे कोणीच म्हणणार नाही. त्याच्या दृष्टीने दोन देव आहेत, दोन धर्म नाहीत.

येथवरचा प्रश्न अभ्यासकाचा होता. काळाराम मंदिराच्या दारात तो ज्यांच्या माणुसकीचाच कस लागला होता त्यांचा झाला. सरदार रंगराव ओढेकर ह्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पंचवटीत बांधलेल्या ह्या मंदिरात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड ह्यांनी त्याची स्थानिक धुरा वाहिली. मंदिराची दारे बंद करण्यात आली व सत्याग्रही दारांशी बसून राहिले. एप्रिलमध्ये रथोत्सवाच्या वेळी दंगा झाला. मधून मधून थांबत हा लढा १९३४ पर्यंत चालला.

हा लढा धार्मिक होता काय? दाराच्या आतल्या पक्षाचे म्हणणे असे की, रूढ आचार हाच धर्म, आणि त्यात बाहेरच्या कोणी हात घालू नये. त्यांच्या लेखी धर्म श्रद्धेचा नव्हताच. कोणी कोठे उभे राहावे ह्याचा होता. बाहेरच्या पक्षातील अनेकांची रामावर श्रद्धा होती, आणि टायलरच्या मोजमापाने पाहिले तर आतले व बाहेरचे एकाच धर्माचे होते. पण नेत्याचा हेतू निराळा होता. आपण हा सत्याग्रह अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आरंभिला नव्हता, तर त्यांच्यात चैतन्य यावे व आपल्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी म्हणून आरंभिला होता, असे डॉ. आंबेडकरांनी मार्च १९३४ मध्ये गायकवाडांस लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले आहे. म्हणजे एकाच दाराच्या दोन बाजूंस धर्माचे किमान तीन अर्थ उभे होते: आचार, भक्ती आणि माणुसकीचा हक्क. ह्यांपैकी एकच 'खरा' धर्म मानून बाकीचे अर्थ समाजकारण वा राजकारण म्हणून बाजूस सारणारा इतिहासकार नकळत त्या दारातील एका पक्षास जाऊन मिळतो.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. आश्चर्याची गोष्ट अशी की, हिंदू ह्या शब्दाची विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी व्याख्या करणारे गृहस्थही ह्याच जिल्ह्यातले. भगूरच्या वि. दा. सावरकरांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या 'हिंदुत्व' ह्या पुस्तकात पितृभू व पुण्यभू ही दोन लक्षणे सांगून हिंदू कोण हे ठरविले. ती व्याख्या धर्माची नव्हे, हे त्यांनी स्वतःच बजावले आहे; ती राष्ट्रघटकाची व्याख्या आहे. तिने बौद्ध, जैन व शीख आत येतात. मुसलमान व ख्रिस्ती बाहेर राहतात. येवल्याच्या घोषणेचा रोख दुसरीकडे होता. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनविषयक निबंधात नियम व तत्त्व ह्यांत भेद करून, नुसत्या नियमांचा संग्रह हा कायदा होय, धर्म नव्हे, असे मांडले. आणि १९५७ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या बुद्ध व त्यांचा धम्म ह्या विषयावरील ग्रंथात तर 'रिलिजन' व 'धम्म' ह्यांना परस्परांपासून तोडून टाकले. एकाने भूमीवरून कोण आत हे ठरविले. दुसऱ्याने माणसाने माणसाशी कसे वागावे ह्यावरून धर्म कशास म्हणावे हे ठरविले. दोन्ही व्याख्या केवळ वर्णनपर नाहीत, त्या कृतीसाठी केलेल्या आहेत. आणि त्यांचे मूल्यमापनही तसेच झाले पाहिजे.

संविधानसभेत २ डिसेंबर १९४८ रोजी बोलताना आंबेडकरांनी आणखी एक मार्ग सुचविला. ह्या देशात धर्माने जन्मापासून मरणापर्यंत सर्व जीवन व्यापले आहे. तेव्हा धर्माची व्याप्ती केवळ श्रद्धा व तत्संबद्ध विधी ह्यांपुरती मर्यादित केली नाही तर कोणताच सामाजिक कायदा करता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे ज्या शब्दाने गौतमीपुत्राचे वर्णरक्षण व बलश्रीचे दान दोन्ही व्यापले होते, तो कापून लहान करणे ही स्वतंत्र राज्याची गरज होती. न्यायालयांनी हे काम अंगावर घेतले, पण निराळ्या रीतीने. १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्माचा आवश्यक भाग कोणता हे त्या धर्माच्याच सिद्धांतांवरून ठरवावे असे म्हटले, आणि तेव्हापासून न्यायाधीशांस पंडिताचे काम करावे लागत आहे.

त्याची दोन उदाहरणे परस्परांशेजारी ठेवण्याजोगी आहेत. १९४७ च्या मुंबई मंदिरप्रवेश कायद्यातून सुटण्यासाठी अहमदाबादच्या स्वामिनारायण सत्संगींनी आपला पंथ हिंदू धर्माहून वेगळा असल्याचा दावा केला. १९६६ साली सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर ह्यांनी तो फेटाळला. तसे करताना त्यांनी लोकमान्य टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला, जीत वेदांविषयी आदर, साधनांची विविधता आणि उपास्याविषयी नियमाचा अभाव ही लक्षणे आहेत. इतकी ऐसपैस व्याख्या घेतल्यावर बाहेर पडण्यास वाट उरत नाही, आणि ह्या खटल्यात तेच इष्ट होते. उलट १९६२ च्या निवडणुकीत एका राखीव मतदारसंघातून निवडून आलेले मेश्राम ह्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला असल्याने ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील स्पष्टीकरणाने हिंदू ह्या शब्दात बौद्धांचा समावेश केला आहे. परंतु १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशास तो व्यापक अर्थ लागत नाही, असे ठरले. मंदिराचे दार उघडताना बौद्ध हिंदू, आणि सवलत देताना तो हिंदू नव्हे.

ह्याचा भार कोणावर पडला हे आकड्यांवरून दिसते. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध सुमारे अडीच हजार होते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर १९६१ साली ती संख्या सुमारे २७ लक्ष ९० हजार झाली. नाशिक जिल्ह्यातील ज्या घरांतून काळारामच्या दाराशी माणसे बसली होती, त्यांतील अनेक ह्या संख्येत आहेत. त्यांपैकी प्रत्येकास जनगणनेच्या कारकुनापुढे बौद्ध असे सांगताना केंद्राच्या सवलती जातील हे माहीत असण्याचा संभव होता, तरीही एवढी नोंद झाली. महाराष्ट्र राज्याने १९६० नंतर नवबौद्धांस राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राचा आदेश मात्र १९९० साली दुरुस्त होऊन त्यात बौद्धांचा समावेश झाला. मधल्या तीन दशकांत पुष्कळ कुटुंबांत घरात एक व कागदावर दुसरा असा धर्म सांभाळला गेला. त्या काळातील जनगणनेचे व शाळांच्या दाखल्यांचे आकडे वापरणाऱ्या अभ्यासकाने, कोणत्या प्रश्नास, कोणापुढे व कशासाठी दिलेले हे उत्तर आहे, हे प्रत्येक वेळी नोंदविणे अवश्य आहे. उषवदाताच्या लेखास ब्राह्मणधर्मी किंवा बौद्ध अशी चिठ्ठी लावण्यापूर्वीही हेच विचारावे लागते.